वेदनेची साक्ष

शरीराचीं कांहीं दुखणीं माणूस चारचौघांत सांगतो, आणि कांहीं दुखणीं घरांतल्या घरांतही उच्चारलीं जात नाहींत. डोकें दुखलें तर शेजारीण लेप सुचविते. पाय मुरगळला तर सारी आळी विचारपूस करते. परंतु स्त्रीच्या स्तनांत एका जागीं दुखूं लागलें तर ती बहुधा कोणाजवळच बोलत नाहीं. रात्रीं निजानीज झाल्यावर ती त्या जागेवर बोट दाबून पाहते, मनांत एक भयंकर नांव येऊन जातें, आणि सकाळीं ती नेहमीप्रमाणें कामाला लागते. या मौनाला फार जुना इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे दोन गोष्टी ध्यानांत येतात: एका जागीं दुखणें म्हणजे कर्करोगच असें समजणें चूक आहे, आणि दुखत नाहीं म्हणून भय नाहीं असें मानणें, ही त्याहूनही मोठी चूक आहे.

इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत इराणच्या अटोसा राणीची हकीकत दिली आहे. ही सायरस बादशहाची कन्या, दरायस बादशहाची पत्नी आणि पुढें गादीवर आलेल्या झर्क्सीसची माता. तिच्या स्तनावर एक गांठ उठली. ती लहान होती तोंवर राणीनें लाजेस्तव ती लपविली आणि कोणासही सांगितलें नाहीं. पुढें ती फुटून पसरूं लागली, तेव्हां तिनें डेमोसेडीस नांवाच्या ग्रीक वैद्यास बोलावणें पाठविलें. घोड्यावरून उतरतांना दरायसचा घोटा निखळला होता, तो यानेंच बरा केला होता. डेमोसेडीसनें राणीस बरें केलें, असें हिरोडोटस सांगतो. तें दुखणें नेमकें कोणतें होतें, याचा निर्णय आज कोणी देऊं शकणार नाहीं. बरें झालें यावरून तें साधें गळूं असावें, असें अनेकांस वाटतें. परंतु त्या हकीकतींतील एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जिच्या दाराशीं जगांतील उत्तमोत्तम वैद्य हात जोडून उभे होते, त्या सम्राज्ञीलाही लाजेनें गप्प बसविलें.

त्याहून प्राचीन पुरावा मिसर देशांतील आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें १८६२ साली लक्सर येथें एक जुनी गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वीं सुमारें सोळाशें वर्षांची असून तिच्यांतील मजकूर त्याहूनही जुना समजला जातो. जेम्स ब्रेस्टेड यानें तिचें भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केलें. तींत क्रमानें रोगी सांगितले असून पंचेचाळिसाव्या रोग्याच्या छातीवर पसरलेल्या उंच गांठी आहेत. वैद्यानें त्यांवर हात ठेवून पाहावें. त्या हाताला थंड लागतात, त्यांत ताप नाहीं, त्यांत पाणी धरत नाहीं, असें तेथें लिहिलें आहे. उपायाच्या जागीं मात्र, यावर उपाय नाहीं, एवढेंच नमूद आहे. गरम, पिकणारी सूज निराळी आणि ही थंड, न पिकणारी गांठ निराळी, हें हातानें चांचपून ओळखण्याची विद्या इतकी जुनी आहे.

आपल्या देशांतील सुश्रुतसंहितेंत हाच भेद अधिक रेखीवपणें सांपडतो. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायांत विसर्प व नाडीव्रण यांच्याबरोबर स्तनरोगांचें वर्णन आहे. गर्भिणी आणि प्रसूत झालेली स्त्री यांच्या ठिकाणीं हे रोग होतात, कुमारिकांच्या ठिकाणीं होत नाहींत, असें तेथील मत आहे. अर्थात् तेथें मुख्यतः अंगावर पाजणाऱ्या आईच्या सुजेचा विचार झालेला आहे. चिकित्सास्थानांत या सुजेवर उपाय सांगतांना सुश्रुत दोन गोष्टी बजावतो. सूज कोणत्याही अवस्थेंत असो, दूध काढून टाकीत जावें. आणि पू झाल्यास शस्त्र करतांना दूध वाहणाऱ्या नाड्या व बोंडाचा काळा भाग वांचवावा. दूध तुंबूं देऊं नये, हा उपदेश आजचा डॉक्टरही करतो. बहुतेक आयांस तर तो त्या बाजूनें पाजणें चालूच ठेवावयास सांगतो. पुढच्याच अध्यायांत अर्बुदाचें वर्णन आहे. अर्बुद गोल, स्थिर, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें, न पिकणारें, आणि मंद वेदनेचें असतें. हें शेवटचें विशेषण फार महत्त्वाचें आहे. गळूं ठणकतें, म्हणून त्याकडे लक्ष जातें. अर्बुद फारसें दुखत नाहीं, म्हणून तें वाढत राहतें.

युरोपांत या रोगाला खेंकड्याचें नांव मिळालें. दुसऱ्या शतकांतील गेलन यानें स्तनाच्या गांठीभोंवतीं फुगलेल्या शिरांची तुलना खेंकड्याच्या नांग्यांशीं केली. संस्कृतांतील ‘कर्क’ शब्दावरून बनविलेला आपला ‘कर्करोग’ त्याच कल्पनेचा वारस होय. शरीरांत काळें पित्त सांचल्यानें हा रोग होतो, असें गेलनचें मत असे, आणि तें मत पुढें शतकानुशतकें टिकलें. ग्रीकांच्या एका जुन्या वचनांत तर, आंत लपलेल्या कर्करोगास हात लावूं नये, त्यांतच रोग्याचें आयुष्य अधिक, असें सांगितलें आहे. जेथें वैद्यच हात आवरता घेत होता, तेथें रोगी बाईनें तोंड उघडावें तरी कशासाठीं?

या मौनाची सर्वांत बोलकी हकीकत एका लेखिकेनेंच लिहून ठेविली आहे. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकर्त्री १७५२ साली जन्मली. तिची ‘एव्हेलिना’ ही कादंबरी १७७८ साली निघाली आणि गाजली. पुढें तिनें दार्ब्ले नांवाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं लग्न केलें, आणि नेपोलियनच्या लढायांमुळें ती पॅरिसमध्यें अडकून पडली. १८१० च्या ऑगस्टच्या सुमारास तिच्या स्तनांत थोडें दुखूं लागलें. तें तीव्र नव्हतें, जड होतें. आठवड्यामागून आठवडा वाढत होतें. पण त्यापासून कांहीं अनर्थ होईल असें तिला वाटलें नाहीं. नवरा अधिक सावध होता. शल्यवैद्यास दाखव, असा त्यानें आग्रह धरला. एका जिवलग मैत्रिणीनेंही तोच धरला. बर्नीला त्या कल्पनेचीच शिसारी आली. ऊब आणि काळजी घेऊन आपोआप बरें होईल, या आशेवर तिनें महिने घालविले.

अखेर दाखवावें लागलें. नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शल्यवैद्य लारे आणि त्याचे सहकारी यांनीं कर्करोगाचें निदान करून शस्त्रक्रिया ठरविली. ३० सप्टेंबर १८११ रोजीं काळा पोशाख केलेलीं सात माणसें तिच्या खोलींत शिरलीं. भुलीचें औषध त्या काळीं युरोपांत नव्हतें. तिला केवळ द्राक्षासवाचा एक घोट दिला गेला. तोंडावर टाकलेला रुमाल इतका विरळ होता कीं, त्यांतून तिला पोलादाची चकाकी दिसली. शस्त्रक्रिया व मलमपट्टी मिळून वीस मिनिटें लागलीं, आणि तितका वेळ ती शुद्धीवर राहून किंचाळत होती; मध्यें दोनदां तिची शुद्ध हरपली असावी, असें तिला मागाहून वाटलें. पुढल्या वर्षीं तिनें हा सारा वृत्तान्त आपली बहीण एस्थर हिला पत्रानें कळविला. आपण आरंभीं जो खोटा विश्वास बाळगला तो आपल्या बहिणींना व भाच्यांना इशारा म्हणून सांगत आहों, असा हेतु तिनें त्या पत्रांतच स्पष्ट केला आहे. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगली आणि १८४० साली वारली. ती इतकी वर्षें जगली म्हणून तिला कर्करोग नसावाच, असा तर्क पुढें कित्येकांनीं केला आहे. तो खरा असेल तर त्या हकीकतीचें दुःख दुणावतें. कारण एका जागीं दुखणारें कोणतें साधें आणि कोणतें घातक, हें कापल्यावांचून सांगण्याचें साधनच त्या काळीं कोणाजवळ नव्हतें.

तें साधन शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न लंडनच्या सर ॲस्टली कूपर यानें केला. १८२९ साली त्यानें स्तनाच्या रोगांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत कर्करोगाहून निराळ्या विकारांचा विचार केला. तरुण स्त्रियांस होणारी, हात लावूं न देणारी, मासिक पाळीच्या आधीं वाढणारी आणि पाळी सुरू झाल्यावर उतरणारी वेदना त्यानें वेगळी ओळखली. अशा वेदनेनें स्त्रिया कर्करोगाच्या धास्तीनें झुरत असत. त्यांना निश्चिंत करणें हाही उपचारच होता. स्तनाला आधार देणाऱ्या आंतील तंतूंना आजही शरीरशास्त्रांत कूपरचेंच नांव आहे.

निदान सुधारूं लागलें तरी शस्त्राचें भय उरलेंच. जपानांत हानाओका सेइशू यानें धोत्रा, बचनाग इत्यादि वनस्पतींचें औषध पाजून १८०४ साली एका साठ वर्षांच्या बाईच्या स्तनाची गांठ बेशुद्धींत काढली होती. पण जपानचीं दारें परकीयांस बंद असल्यामुळें ही गोष्ट जगास कळली नाहीं. १८४६ साली बोस्टनमध्यें ईथरचा प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेंतील यातना टळली. मात्र शस्त्रक्रिया त्यामुळें लहान झाली नाहीं. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडनें १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत स्तन, छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि हें सारें एकदम काढीत. पाऊण शतक हीच रीत प्रमाण मानली गेली. पुढें इटलींत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनीं १९७० नंतर हजारों स्त्रियांच्या सहकार्यानें तुलना करून पाहिली. गांठ लहान असतांना आली, तर तेवढीच काढून क्ष-किरणांचा उपचार केल्यास स्त्रिया तितक्याच जगतात, हें त्यांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनीं २००२ साली पक्कें झालें. अटोसापासून बर्नीपर्यंत स्त्रियांस ज्या गोष्टीचें भय वाटत होतें ती गोष्ट अशी बदलली. आणि ती मिळण्याची मुख्य अट एकच राहिली, ती म्हणजे वेळेवर दाखविणें.

आपल्याकडे भयाच्या जोडीला आणखी एक अडसर होता. परपुरुषाला, मग तो डॉक्टर कां असेना, छाती दाखविण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या असंख्य घरांतून स्त्रिया उपचारावांचून गेल्या. १८८३ साली श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत आनंदीबाई जोशी यांनीं हिंदु स्त्री-डॉक्टरांची गरज नेमकी याच कारणासाठीं प्रतिपादन केली आणि अमेरिकेची वाट धरली. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय सुरू झालें, आणि तेथील कारभार एडिथ पीची या स्त्री-डॉक्टरच्या हातीं आला. आनंदीबाई दुसऱ्याच वर्षीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, निवर्तल्या. पण बायकांचें दुखणें बाईजवळ बोलतां यावें, हा त्यांचा आग्रह त्यांच्यामागें उरला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि कर्करोगासाठीं खास असें स्थान मुंबईस लाभलें.

दुखण्याचा स्वतंत्र अभ्यास मात्र बराच उशिरा झाला. स्तन दुखतो पण गांठ लागत नाहीं, अशा स्त्रीचें दुखणें मनाचे खेळ म्हणून बाजूला सारण्याची वहिवाट वैद्यकांत पडली होती. वेल्समधील कार्डिफ येथील डॉक्टरांनीं १९७० नंतर अशा स्त्रियांची नीट पाहणी केली. १९७६ साली त्यांनीं या वेदनेचे प्रकार वेगवेगळे करून दाखविले. आणि १९७८ साली, पायांच्या शिरा फुगल्यामुळें आलेल्या रोग्यांशीं या स्त्रियांची तुलना करून, एक लहान गट वगळतां त्या मनानें मुळींच अधिक दुबळ्या नाहींत, असें सिद्ध केलें. बाईच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, ही साधी गोष्ट वैद्यकास कळावयाला इतकी वर्षें लागलीं.

या अभ्यासांतून जें ज्ञान स्थिर झालें तें थोडक्यांत असें आहे. पाळीबरोबर येणारें दुखणें बहुधा दोन्ही बाजूंस, वरच्या व काखेकडील भागांत, पाळीच्या आधींच्या आठवड्यांत जडपणानें जाणवतें आणि पाळी आल्यावर ओसरतें. तें तरुणपणीं व मध्यम वयांत अगदीं सामान्य आहे. एकाच बाजूला, एकाच जागीं, पाळीशीं संबंध न ठेवतां दुखणें हा दुसरा प्रकार. त्याचीं कारणें अनेक: पाण्याची गांठ, जुना मार, पूर्वींची शस्त्रक्रिया, दुग्धवाहिन्यांची सूज, एखादें औषध, किंवा जड स्तनास पुरेसा आधार नसणें. कित्येकदां तर दुखणें स्तनांत नसतेंच. तें खालच्या बरगडीच्या कुर्चेंत किंवा स्नायूंत असतें. अलेक्झांडर टीट्झे यानें १९२१ साली कुर्चेच्या अशा दुखऱ्या सुजेचें वर्णन केलें, आणि आंरी मोंदोर यानें १९३९ साली छातीवरील शिरेंत रक्त गोठून उमटणाऱ्या दुखऱ्या दोरीसारख्या वळाचें. हे दोन्ही विकार बहुधा आपोआप बरे होतात. गांठ नाहीं, दुसरें कोणतेंही लक्षण नाहीं, केवळ दुखतें, अशा स्त्रियांत कर्करोग निघण्याचें प्रमाण फार थोडें, शंभरांत फार तर दोनतीन, असें आढळतें. पुष्कळ जणींचें दुखणें नीट तपासणी होऊन धीर मिळाल्यावर आणि योग्य आधाराची चोळी वापरल्यावरच सुसह्य होतें.

परंतु हें प्रमाण वाचून घरीं बसणें म्हणजे अटोसाचीच चूक पुन्हां करणें होय. कारण धीर हा तपासणीनंतरचा असावा, तपासणीऐवजीं नसावा. एकाच जागेचें दुखणें दोनतीन आठवडे टिकलें, किंवा एक पाळी होऊन गेल्यावरही तसेंच राहिलें, तर डॉक्टरांस दाखवावें. पाळी कायमची थांबल्यानंतर नव्यानें दुखूं लागलें, किंवा आई, बहीण, मुलगी यांपैकीं कोणास हा रोग झालेला असला, तर त्याहूनही लवकर. स्तनांत किंवा काखेंत गांठ अथवा घट्टपणा लागला, कातडीस खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड नव्यानें आंत ओढलें गेलें, त्यांतून रक्त आलें, अगर बोंडावर न बरी होणारी खरूज दिसली, तर दुखो वा न दुखो, वाट पाहूंच नये. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल व गरम होऊन ताप भरला, तर एकदोन दिवसांतच उपचार सुरू व्हावा. आणि औषध घेऊनही लाली हटली नाहीं, तर पुन्हां जावें. कारण एक दुर्मिळ पण उग्र कर्करोग सुजेचेंच सोंग घेऊन येतो. छातीच्या मध्यभागीं किंवा डावीकडे दडपण येऊन त्याबरोबर घाम, धाप, हातांत वा जबड्यांत कळ असेल, तर तो स्तनाचा प्रश्न नव्हे, हृदयाचा असूं शकतो. तेथें तत्काळ रुग्णालय गांठावें.

तपासणीचें स्वरूप भिण्यासारखें उरलेलें नाहीं. डॉक्टर हातानें पाहतात. तरुण स्त्रीची ध्वनिलहरींनीं आणि चाळिशीच्या आसपास वा पुढच्या वयाच्या स्त्रीची बहुधा क्ष-किरणांनींही पाहणी होते. शंका उरल्यास सुईनें कणभर भाग काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. बर्लिनच्या सालोमोन यानें १९१३ साली काढलेल्या स्तनांचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं, तेव्हांपासून या विद्येची वाटचाल सुरू झाली. जो निवाडा बर्नीच्या वेळीं सुरीवांचून होत नव्हता, तो आज सुईच्या अग्रावर होतो.

आणि हातानें केलेल्या साध्या तपासणीचें मोल काय, हें मुंबईनेंच जगास दाखवून दिलें आहे. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं शहरांतील गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची पाहणी हातीं घेतली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं, चार वेळां, हातानें स्तन तपासीत व लक्षणें समजावून सांगत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्या वस्त्यांत बळावलेल्या अवस्थेंतील रोगाचें प्रमाण शेंकडा ३७, तर इतर वस्त्यांत शेंकडा ४७ आढळलें. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें शेंकडा ३० नीं घटले. त्याहून लहान वयांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. हा लाभ कोणत्या मोठ्या यंत्रानें झाला नाहीं. घरच्या उंबरठ्यावर एक जाणती बाई आली, तिनें विचारलें, आणि दुसरीनें सांगितलें.

वेदना ही अशी साक्षीदार आहे कीं, ती पुष्कळदां निरपराध्याकडे बोट दाखविते आणि खऱ्या अपराध्यासमोर गप्प राहते. तिच्या एकटीच्या साक्षीवर कोणीं स्वतःस दोषी ठरवूं नये कीं निर्दोषही ठरवूं नये. खटला डॉक्टरांपुढें जाऊं द्यावा. घरांतील कर्त्या मंडळींचें कामही येथें लहान नाहीं. बर्नीच्या नवऱ्यानें विचारलें होतें, आग्रहही धरला होता. प्रत्येक घरांत तसें विचारणारें कोणी असावें, आणि विचारल्यावर सांगतां येईल इतका मोकळेपणा त्या घरांत असावा.